तांबडी आर्म

त्या दसऱ्याच्या सुट्टीत मी एका जागी बसले नाही. शाळा बंद, गणिताचे पेपर तपासून झालेले, हुबळीच्या केशवापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि तरी माझ्या स्वयंपाकघर ते हॉल अशा येरझाऱ्या चाललेल्या. हॉलमधल्या जेवायच्या टेबलावर जेट विमान पडून होतं, म्हणून आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो.

हे जेट ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. कचेरीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी प्लायवूड आणि फायबर जोडून ते घडवलं. पोटात विजेचा पंखा, हातात रिमोट, आणि वेग असा की मान वळवेपर्यंत पुढं गेलेलं असणार. असणार म्हणते, कारण ते अजून उडालेलं नव्हतं. ह्यांचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेलं. आहे तेवढी नजर टिकवायला ऑपरेशन करतोय, लांबचं दिसेल असं धरून चालू नका, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या होत्या. घरी येताना हे रिक्षात एवढंच म्हणाले, "एकदा उडताना बघायचंय. मग काय बी होऊ दे."

आणि सगळं अडलं होतं नखाएवढ्या तुकड्यापाशी. जेटच्या शेपटीत आगपेटीएवढी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. तिच्या दातेरी आसावर एक छोटा हात बसतो, ती आर्म. आर्म सळईला ढकलते आणि सळई शेपटीचे पंख खालीवर करते. आमची आर्म प्लॅस्टिकची होती. टेबलावर चाचणी घेताना ह्यांनी शेपटी हातानं धरून जोर लावला, तर आतले दाते साफ गुळगुळीत झाले. हवेत असं झालं असतं तर विमान सरळ जमिनीत गेलं असतं. धातूची आर्म हवी होती, आणि ती हुबळीत कुठंच मिळत नव्हती.

मी दाजीबानपेठ पालथी घातली. एका खेळण्याच्या दुकानदारानं मला रिमोटच्या मोटारीचं चाक काढून दाखवलं आणि "हेच की हो अक्का" म्हणाला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की चाक त्याच्या हातात परत देऊन मी बाहेर पडले. मग मोबाइलवरून मागवली. निळी, चकचकीत आर्म आली. बसेना. ह्यांना दाते दिसत नव्हते, म्हणून भिंग घेऊन सुईच्या टोकानं मी मोजले. मोटरला पंचवीस दाते होते, आर्मला चोवीस. दोन्ही दिसायला सारखेच. मला वाटलं, थोडी दाबून बसवावी.

"दाबू नगंस," हे म्हणाले. "बसंल, आन मग वर गेल्यावर दगा देईल."

दुसरी आर्म आली ती तांबडी. दाते अचूक जुळले. मी टाळी वाजवली, आणि ह्यांनी आर्मच्या टोकाचं भोक बोटानं चाचपून मान हलवली. भोक मोठं होतं, सळईची पिन त्यात खुळखुळत होती. भोकात बसेल अशी पिन लेथवरून करून घ्यायला हवी होती. मी आर्म, पिन आणि स्क्रू पुडीत बांधून जुन्या हुबळीतल्या एका लेथवाल्याकडं नेऊन दिलं. तो म्हणाला, "नाळे बर्री अक्का." उद्या या. मी बरं म्हणून आले.

माझी चूक इथं झाली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या घरात हत्यारांची पूजा नसते. आम्ही बौद्ध, दसऱ्याला पांढरं नेसून विहारात जातो, आदल्या दिवसाचं आम्हाला काहीच नसतं. मी दुपारी लेथवाल्याकडं पोचले तर दारात कुंकू भरलेला कोहळा फोडलेला, लेथला झेंडूचा हार, आणि केळीच्या पानावर पाने-पक्कडांच्या रांगेत माझी तांबडी आर्म. हळदकुंकू लावून बसवलेली, नव्या नवरीसारखी. शेजारी पिन आणि स्क्रू.

"काम झालंय अक्का," लेथवाला म्हणाला. "खरं इवत्त मुट्टंगिल्लरी." पण आज शिवायचं नाही.

मी खूप बोलले. ऑपरेशन सांगितलं, डोळा सांगितला. शेवटी तो म्हणाला, उद्या उजाडताच मी स्वतः पान उचलून देतो. पूजेतलं उचलायला लावून त्याला मोडता घालावा हे मला जमेना, आणि परत येताना मात्र रस्ताभर मी त्याला आणि स्वतःला शिव्या घातल्या.

दसऱ्याला उजाडताना त्यानं पुडी दिली, वर आपट्याची दोन पानं दिली. मी घरी येऊन हळदकुंकू पुसलं आणि हे सांगतील तशी आर्म बसवली. धातूला धातू लागला की थरथरीनं स्क्रू सुटतो, म्हणून त्याच्या आट्यांना एक निळा डिंक लावायचा असतो. तो लावला, स्क्रू आवळला. मग जेटचे पंख सुटे करून आम्ही ओळखीच्या रिक्षानं धारवाडच्या बाहेर गेलो. तिथं प्लॉट पाडलेला एक लेआउट अर्धवट पडून आहे. घरं नाहीत, माणसं नाहीत, फक्त लांबलचक डांबरी रस्ता आहे. मालकाला ह्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

पंख जोडून होईपर्यंत वारा सुटायला लागला होता. हे म्हणाले, "बस की जरा. किती फिरायलीस?" पण मला बसवेना. काहीतरी करायचं म्हणून मी शेपटीतल्या स्क्रूला हात लावला, आणि तो बोटानं फिरला.

बोट बघितलं तर तेलकट. पूजेआधी लेथवाल्यानं सगळ्या हत्यारांना तेल लावलं होतं, तसं ह्या स्क्रूलाही. मी वरचं कुंकू पुसलं होतं, आट्यांतलं तेल तसंच राहिलं होतं, आणि तेलावर डिंक धरलाच नव्हता. मी रडकुंडीला आले. ह्यांनी नुसता हात पुढं करून विचारलं, "तुझ्या पर्समधी सॅनिटायझर असतंय न्हवं?"

होतं. करोनापासून राहिलेली सवय. त्या पातळ सॅनिटायझरनं मी स्क्रू धुतला, आर्म धुतली, पदरानं पुसली, पुन्हा डिंक लावला आणि आवळलं. डिंक धरायला वेळ लागतो. वारा वाढत होता, ढग येत होते, आणि मी त्या रस्त्यावर पुढं-मागं चालत राहिले. हे जेटजवळ उकिडवे बसून शेपटीवर बोट ठेवून होते. शेवटी म्हणाले, "धरलं बग." मी आर्मवर प्लायवूडचं झाकण बसवलं, ती पार आत दडली, आणि त्याच्या कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. हे झाकण ह्यांनीच बनवलेलं, आत हवा जाऊ नये म्हणून घट्ट.

जेट निघालं. शिट्टीसारखा आवाज करत रस्ता सोडला आणि वर गेलं. मी ओरडले असेन. लांब जाऊन ते वळायला लागलं, तेव्हा हे हळू म्हणाले, "कुठं हाय?"

"उजवीकडं. वळलंय. आता सरळ आपल्याकडं येतंय."

"उंच हाय?"

"हाय. झाडांच्या बरंच वर हाय."

जवळ आलं की ह्यांचा चेहरा खुलायचा आणि लांब गेलं की हे मान तिरकी करून आवाजाकडं कान लावायचे. मी बोलत राहिले. आयुष्यात इतकं घाबरून मी कधी बोलले नाही. दोन फेऱ्यांनंतर ह्यांनी ते उतरवलं. पुढचं चाक वाकलं, बाकी सगळं शाबूत.

मी धावत जाऊन जेट उचलून आणलं. ह्यांनी रिमोट खाली ठेवला होता आणि रुमालानं डोळा पुसत होते. त्या एका डोळ्याची मला त्या क्षणी फार माया आली.

"दिसलं न्हवं?" मी विचारलं.

"दिसलं की. सगळं दिसलं," हे म्हणाले. "वरून गेलं तवा ऊन पडलं, आन तू हुडकलेली तांबडी आर्म अशी चमकली, काय सांगू तुला."

माझ्या हातात शेपटी होती. झाकण जागच्या जागी होतं आणि माझी चिकटपट्टी कुठंच सुटलेली नव्हती.

"होय," मी म्हटलं. "मला बी दिसली."