टॅबिथाताई

तीन तान्ही बाळं पुरल्यावर टॅबिथा नवऱ्याबरोबर, असाहेलबरोबर, अमेरिकेतल्या न्यू लेबनॉन गावच्या शेकर पंथात आली. तिथं नवरा-बायको नसतात; सगळे बहीणभाऊ, जेवायलाही वेगवेगळ्या दारांनी जायचे. असाहेल वैतागला.

"सोमवारी गाडी जुंपतो. मुकाट्यानं चल," त्यानं बजावलं.

रविवारी प्रार्थनेत एकीकडे भाऊ, दुसरीकडे बहिणी नाचू लागल्या. शेकर नाचून अंगातलं पाप झटकतात. टॅबिथा आधी हमसून रडली, मग गरगर फिरता फिरता चक्क हसली. समोरच्या रांगेत असाहेलचे पाय थबकले. तिचं हसू तो विसरूनच गेला होता.

सोमवारी ती बोचकं घेऊन अंगणात आली, तर हा गाडीला जुंपलेले घोडे सोडत होता.

"काय हो, जायचं ना?"

"नाही, टॅबिथाताई," तो म्हणाला आणि तोंड फिरवून तबेल्याकडे गेला.