टूल होल्डर आणि माझी शिस्त

लेथ हे यंत्र मी आयुष्यात कधी चालवले नाही. फक्त एकदा, सलग तीन दिवस, बंद पाडून ठेवले आहे.

मिहीर आणि सई, लेथ म्हणजे काय ते आधी सांगते. त्यावर लोखंडाचा दांडा गरगर फिरतो आणि बाजूला घट्ट धरलेले हत्यार त्याची साल काढत जाते. आपण काकडी सोलतो तसे (काकडी फिरत नाही, एवढाच फरक). सत्तरच्या दशकात अनसिंगला आपल्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमच्या आजोबांचा असा एक लेथ होता, आणि त्याला लागूनच माझ्या सासऱ्यांची पिठाची गिरणी. माझ्या नणंदेचे, म्हणजे तुमच्या कुसुमआजीचे, लग्न आठ दिवसांवर आले आणि गिरणीचा शाफ्ट, म्हणजे जाते फिरवणारा दांडा, मोडला.

"दळण वाशीमला पाठवू," मी म्हणाले.

मामंजींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी नवरीच वाशीमला पाठवायला निघाले होते.

"गिरनीवाल्याच्या पोरीचं लगन, अन् पुऱ्या दुसऱ्याच्या गिरनीतल्या पिठाच्या? व्याही काय म्हनतीन? त्यापरीस मी पंगतीत नुसता भात वाढतो."

म्हणजे प्रश्न पिठाचा नव्हता, मामंजींच्या नाकाचा होता. आणि ते बरेच मोठे होते.

आजोबांनी भंगारातून दुसरा शाफ्ट शोधून आणला. तो दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड निघाला, शिवाय पाणी दिलेल्या पोलादाचा. (पाणी देणे म्हणजे लाल तापवून एकदम गार करणे. त्याने पोलाद हट्टी होते.) नेहमीचे हत्यार त्याला लावले की खडूसारखे झिजायचे. शाफ्ट पुन्हा तापवून मऊ करावा, तर तो वाकडा होण्याची भीती. असले पोलाद कापायला त्याहूनही कठीण अशा कार्बाइडचा सुपारीच्या खांडाएवढा तुकडा लागतो आणि तो तुकडा पकडून ठेवायला टूल होल्डर. विकतचा होल्डर मुंबईहून यायला महिना लागला असता. तेव्हा तो घरीच करायचे ठरले. आजोबांकडच्या एका पुस्तकात त्याची कृती होती. पुस्तक इंग्रजी होते.

इथे माझा प्रवेश झाला. मी अमरावतीची बी.ए., इंग्रजी घेऊन. लग्न जमताना ही गोष्ट तीनदा सांगितली गेली होती. पण नंतरच्या सहा वर्षांत औषधांच्या बाटल्या वाचण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नव्हता.

"मी अकोल्याहून कार्बाइड घेऊन येतो," आजोबा म्हणाले. "तू कृती मराठीत लिहून शेषराव मिस्त्रीला दे. मी येईपर्यंत तो होल्डर करून ठेवील."

मी लगेच बसले. पाच पायऱ्या होत्या. एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या की माणूस गोंधळतो, हे माझे ठाम मत असल्यामुळे मी पाच वेगवेगळ्या चिठ्ठ्या केल्या. एकेक लिहून झाली की दुकानात असते तशा ठोकळ्यावरच्या उभ्या तारेत खोचत गेले. क्रमांक घातले नाहीत. ओळीने लावलेल्या गोष्टींना क्रमांक कशाला? त्या आठवड्यात लग्नाची कामेही मी अशीच तारांवर लावली होती. घरात एकूण चार तारा उभ्या होत्या आणि सासूबाई त्यांना वळसा घालून चालत होत्या.

शेषराव मिस्त्री वीस वर्षे लेथवर काम केलेला माणूस. त्याला तार नेऊन दिली आणि बजावले, "एक चिठ्ठी काढायची, तेवढे काम करायचे, मग पुढची काढायची. मध्ये डोके चालवायचे नाही."

अर्ध्या तासाने तो पहिली चिठ्ठी घेऊन ओट्यावर आला. मी पापड लाटत होते.

"वैनी, तुकडा लाल तापवून तेलात बुडवा म्हंते हे. आदीच पानी द्याचं काहून? मंग त्याले छिद्र कसं पडन?"

"मिस्त्री," मी लाटणे न थांबवता म्हणाले, "पुस्तक इंग्रजी आहे."

"अस्सं होय," असे म्हणून तो गेला. ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचा एकच चांगला तुकडा शेडमध्ये होता. तो त्याने भट्टीत लाल केला आणि तेलात बुडवला. धूर स्वयंपाकघरापर्यंत आला. काम सुरू झाल्याचे पाहून मला समाधान वाटले.

दुसऱ्या चिठ्ठीवर होते, कानस मारून कडा साफ करा. शेडमधून असा किंचाळण्याचा आवाज आला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

"वैनी, कानस घसरून राह्यली. तुकड्याले ओरखडाबी नाही."

"जोर कमी पडत असेल."

तिसरी चिठ्ठी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आलेल्या मुलासारखा होता. "भोकात स्क्रूसाठी आटे पाडा म्हंते. कोनतं भोक?"

मी नवा पापड लाटायला घेतला. "पुढे येईल," मी म्हणाले.

आणि खरोखरच पुढच्या चिठ्ठीवर भोक आले! 'टोकाशी खाच करा, तिच्या मागे भोक पाडा.' मी विजयाने मिस्त्रीकडे पाहिले. खाचेपाशी एक करवतपाते गेले आणि भोकापाशी दोन ड्रिल मोडले. मिस्त्रीने तुकडे माझ्या पापडांशेजारी ओळीने मांडले. बहुधा माझी शिस्त त्यालाही लागली होती.

मग तो पाचवी चिठ्ठी घेऊन आला आणि या वेळी खालीच बसला.

"वैनी, राग नका मानू. हे म्हंते, मापानं तुकडा कापून घ्या. मंग आतापावतर आपन काय करून राह्यलो होतो?"

मी रिकाम्या तारेकडे पाहिले, मग चिठ्ठीकडे, मग पुन्हा तारेकडे. सर्वांत आधी खोचलेली चिठ्ठी सर्वांत खाली होती. हे समजायला बी.ए. लागत नाही. ते नसते तर कदाचित लवकर समजले असते.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुडीत कार्बाइड घेऊन आले. आम्ही तिघे त्या तुकड्याभोवती उभे राहिलो.

"याला पाणी दिलंय," आजोबा सावकाश म्हणाले. "आता हा कापायला काय लागेल?"

"कार्बाइड," मिस्त्री म्हणाला.

"ते आहे. ते धरायला?"

"होल्डर."

"आणि होल्डर कुठे आहे?"

तिघांनीही त्या तुकड्याकडे पाहिले. मी हळूच पुस्तक पदराखाली घेतले.

एवढ्यात सासूबाई सरपण न्यायला शेडमध्ये आल्या. त्यांनी सगळे ऐकले असावे. "मांगच्या साली माहा विळा चुलीत पडला होता," त्या कोणाकडेच न पाहता म्हणाल्या. "लालबुंद झाला अन् तसाच राखंत राह्यला. सकाऊन पाह्यतो तं इतका मऊ, की वांगंबी कापेना. मले कोनी इचारत नाही म्हना."

मिस्त्री आणि आजोबांनी एकमेकांकडे पाहिले. तुकडा भट्टीत लाल झाला, चुलीच्या राखेत पुरला गेला आणि सकाळी खरोखरच मऊ निघाला. वाकलाही थोडा, पण एवढ्याशा तुकड्याचे चालून गेले. मिस्त्रीने खाच केली, भोक पाडले, आटे पाडले, शेवटी पाणी दिले. सगळे चिठ्ठ्यांशिवाय. माझ्याकडे त्याने एकदाही काही विचारायला येण्याचे धाडस केले नाही. कार्बाइड बसवले, शाफ्टची निळसर साल निघू लागली आणि लग्नाच्या दोन दिवस आधी गिरणी सुरू झाली. मामंजी मिशांवर पीठ घेऊन गावभर हिंडले. ते पुसू देईनात.

लग्नही छान लागले. मामंजी व्याह्यांना सांगत होते, "आमच्या सूनबाईनं इंग्रजी पुस्तक वाचून गिरनी चालू केली." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मग पहिली पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, पाणी आले आणि वाढपी ओळीने विड्यांची ताटे घेऊन निघाले. प्रत्येक रिकाम्या पत्रावळीवर एकेक गोविंदविडा. व्याह्यांनी विड्याकडे पाहिले, मामंजींकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "झालं काय जेवन आमचं?"

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आचारी माझी पंगतीची तार हातात धरून उभा होता. वर 'विडे', खाली 'मठ्ठा', त्याखाली 'भात'. "मलेबी वाटलं, उलटं हाय म्हनून," तो म्हणाला, "पन सारे म्हंते, बाई शिकेल हाय."

सासूबाईंनी पुऱ्यांची परात उचलून वाढप्याच्या हातात दिली, माझ्या हातातली तार घेतली आणि शांतपणे विचारले, "सूनबाई, हे बी चुलीत घालू काय?"