माशाचं पाणी
सुकलेल्या कुंडीत पाणी ओतलं की गाळाचा जो वास सुटतो, तो मला इंझोरीच्या सासरी नेतो. त्या दुष्काळात तळं आटलं होतं. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या दिरानं तिथला कोरडा गाळ आणून दोन बरण्यांत घातला. एकीत हापशीचं पाणी ओतलं, दुसरीत आमच्या विहिरीचं. विहिरीत किडे खायला मासे सोडलेले होते. काही दिवसांनी हापशीच्या पाण्यात गाळातल्या अंड्यांतून निघालेले बारीक पाणकिडे पांढऱ्या ठिपक्यांसारखे उड्या मारू लागले, दुसऱ्या बरणीत काहीच हललं नाही. “या पाण्याले माशाचा वास हाये, वयनी,” दीर म्हणाला. “बाहेर आलं का मासा खाईन, मंग मातीतले अंडे कायले फुटतीन?” “पन बरनीत मासा कुठी हाये?” मी कुजबुजत विचारलं. तो हसला. “बाबा तं मंगरूळले गेले. तुमी एवढ्या हळू कायले बोलून राह्यल्या?” मी ओसरीतल्या सासऱ्यांच्या खुंटीकडे बोट दाखवलं. “मामाजीची टोपी हाये ना तिथं.” त्यानं टोपीकडे पाहिलं, मग बरणीकडे, आणि त्याचं हसू थांबलं. सासरे जाऊन कैक वर्षं झाली, खुंटी रिकामी आहे. इंझोरीला गेले की तिच्यासमोरून जाताना माझा आवाज अजूनही खाली येतो.