नसलेला अलार्म मी बंद केला

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसत वाचतेय. भूत, सावली, हाका… कुणाच्या लिहिण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. आमच्या घरात देव्हारा नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. त्यात मी बीडला एका खासगी संस्थेत कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवते. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, ते आपल्याला सापडलं नाही म्हणजे आपण नीट बघितलं नाही, असं मीच वर्गात सांगते. तरीही आज लिहितेय. भीती वाटली म्हणून नाही… लाज वाटते म्हणून.

माझे मामा मांजरसुंब्याला राहतात, हायवेवरच्या ढाब्यांच्या मागच्या वस्तीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. बीडला कॉलेजला होती, रोज एसटीनं जाऊन-येऊन. मागच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत तसाच राहिला. तो मीच तिला जोडून दिला होता.

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. आवाज दबका होता. म्हणाले, प्रज्ञाचा कॉम्प्युटर दुपारनंतर आपोआप चालू होतोय. मामी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते. स्क्रीनवर नुसतं प्रज्ञाचं नाव आणि पासवर्डची चौकट येते, तेवढ्याकडेच बघत राहते. संध्याकाळी मामा बटण दाबून बंद करतात, दुसऱ्या दिवशी परत तेच. आता शेजारपाजारचे बघायला येतात. शेजारच्या सुंदराबाईंनी तर काल त्याच्यापुढं नारळ ठेवला.

"विद्या, आपल्या घरात नारळ आला," मामा म्हणाले. "मी शाळेत पोरांना काय तोंड दाखवू? तू ये आणि सगळ्यांसमोर सांग, हे काय हाय ते."

मी निर्धास्त होते. दुसऱ्याच दिवशी दुपारचा वर्ग उरकला आणि मांजरसुंब्याची एसटी पकडली. घाटात ती बंद पडली. ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरून बघत बसले, आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. ती परत चालू होऊन पोचायला चांगलाच उशीर झाला.

घरात आठ-दहा माणसं बसलेली होती. कॉम्प्युटर मात्र बंद. आज काही चालू होत नाही म्हणून लोक कंटाळले होते आणि मामांच्या चेहऱ्यावर थोडं बरं दिसत होतं. मामी खुर्चीत बसून दाराकडं बघत होती. मी उंबऱ्यात चपला काढत होते, तेवढ्यात आतून पंख्याचा आवाज आला… मग एक बारीक बीप. कॉम्प्युटर चालू झाला. त्याच्याजवळ कुणीही नव्हतं. मामी खुर्चीत, त्याच्यापासून तीन हात लांब होती आणि बाकी सगळे माझ्याकडं बघत होते.

मी घाबरले नाही. असं होऊ शकतं, हे मला माहीत होतं. विंडोज यायच्या आधी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम उठतो, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला. तो बायोस. मशीन कशानं चालू व्हावं हे तिथं ठरवता येतं. अलार्मनं, लाइट गेली-आली की, नेटवर्कवरून, नाहीतर कीबोर्डच्या बटणानं. तेवढंच मी सगळ्यांना सोप्या भाषेत सांगितलं. मामा अभिमानानं म्हणाले, "माझी भाची हेच शिकवती बीडला."

मी मशीन रीस्टार्ट केलं, डिलीटचं बटण दाबत राहिले, निळा स्क्रीन आला. पॉवरचं पान उघडलं.

अलार्मनं चालू होणं — डिसेबल्ड. लाइट आल्यावर — बंदच राहणे. नेटवर्क — डिसेबल्ड. कीबोर्ड, माउस — डिसेबल्ड. वरचं घड्याळ बघितलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. म्हणजे बोर्डावरचा सेल मेलेला. अलार्म असता तरी तो बरोबर वाजला नसता.

मी पानं मागं-पुढं करत राहिले. काहीच नव्हतं. सगळं आधीच बंद होतं. मामा माझ्या खांद्यामागं वाकून उभे होते. त्यांना त्या इंग्रजी ओळींमधलं काही कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं. मला काय म्हणता आलं असतं? की इथं मला काही दिसत नाही, बघावं लागेल. एवढंच. पण तोंडातून निघालं, "हे बघा, सापडलं. अलार्म लावलेला होता. केला बंद."

एकदम हलकं झालं सगळं. कुणीतरी हसलं. सुंदराबाई ओशाळून नारळ उचलून घेऊन गेल्या. मामांनी मला लोकांसमोर जवळ घेतलं, असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. माणसं पांगली.

मामी चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेले.

"अलारम कुणी लावलता?" तिनं विचारलं.

आता मागं फिरणं अवघड होतं. म्हटलं, "प्रज्ञानंच लावला असेल, मामी. दुसरं कोण?"

तिनं गॅस बारीक केला. माझ्याकडं वळून म्हणाली, "मंग तिनं लावलेलं तू कावून बंद केलंस?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. मग तिनंच हळूच सांगितलं, आता लोकांचं काम झालंय, तर तिनं लावलं होतं तसं परत लावून दे.

मामांचाही विरोध नव्हता. आता कारण कळलं होतं, आता ती नुसती लेकीची आठवण होती. मी ढाब्यांच्या रांगेतल्या मोबाइलच्या दुकानातून नवा सेल आणला, घड्याळ बरोबर केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या मशीनमध्ये अलार्म लावला. किती वाजता लावू ते मला माहीत नव्हतं. अंदाजानं साडेचार टाकले. खोट्याला आणखी एक खोटं जोडून मी बीडला परतले.

पुढं मामांचा फोन आला तर ते खुश होते. रोज बरोबर साडेचारला चालू होतं म्हणाले, मिनिटाचा फरक नाही. मला वाटलं, चला, सुटले. पण त्या आठवड्याच्या शेवटी मामीनं स्वतः फोन केला. ती कधी करत नाही. एवढंच म्हणाली, "येऊन जा एकदा."

गेले. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. मामा घरी नव्हते.

"ही ती न्हाई," मामी म्हणाली. "आता घड्याळावर येतंय. पोरगी माझी कधी घड्याळावर आली? एसटीनं यायची. गाडीला उशीर झाला की तिला उशीर. आन हेबी तसंच व्हतं. गाडी येळंवर आली की हे लवकर, गाडी घाटात आडकली की हे उशिरा. मी कुणाला बोलले न्हाई. लोक येडी म्हणतील."

मला ती दुपार आठवली. बंद पडलेली गाडी, कंटाळलेली माणसं, आणि मी उंबऱ्यात चपला काढत असताना आलेला तो बीप.

"तू आलतीस तीच तिची गाडी," मामी म्हणाली. आणि मग, "अलारम न्हवताच, व्हय ना?"

मी मान हलवली. वर बघायची हिंमत झाली नाही. शिकवताना शंभर पोरांसमोर उभी राहते मी… त्या खोलीत माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला न्हाई कळत म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं, पोरी? मलाबी न्हाई कळत. दोघी मिळून बसलो असतो."

मी त्याच दिवशी सगळं पहिल्यासारखं केलं. अलार्म बंद केला. नवा सेल काढून जुना मेलेला सेलसुद्धा परत बसवला, म्हणजे बघा माझी अवस्था काय झाली असेल. आम्ही दोघी समोर बसून राहिलो. बाहेर हायवेवर एसटी थांबल्याचा आवाज आला, पुढं गेल्याचाही आला. कॉम्प्युटर बंदच राहिला. त्यानंतर तो आपोआप एकदाही चालू झालेला नाही.

इथले हार्डवेअरवाले म्हणतील, पॉवरचं बटण शॉर्ट असेल, एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, गेला असेल. मलाही तेच सुचलं होतं. पुढच्या खेपेला मीटर घेऊन गेले, बटणाच्या वायरी तपासल्या, सप्लाय तपासला. सगळं ठीक आहे. आणि समजा नसतं ठीक, तरी शॉर्ट झालेल्या बटणाला गाडी कधी आली ते कसं कळणार?

माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. मामांकडं आहे. भाचीनं सगळ्यांसमोर अलार्म शोधून बंद केला, हे ते अजूनही शाळेत पोरांना सांगतात, आणि वस्तीतही आता सगळे तेच सांगतात. मी तिकडं गेले की आलेल्या-गेलेल्यांसमोर मामांचा तो किस्सा होतोच, आणि मामी तेव्हा तिथंच असते. ती माझ्याकडं बघत नाही, आणि त्यांना खोडतही नाही.