प्रज्ञाने गणित घेतलं तेव्हा

शिक्षकाला किस्से साठवावे लागत नाहीत. विषय निवडायचा फॉर्म निघाला की ते आपोआप रांगेत येऊन उभे राहतात. ठाण्यातल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. त्या रांगेतल्या एकट्या प्रज्ञाचेच किती आहेत!

*

प्रज्ञा कोपरीची, फर्स्ट इयर आर्ट्सला. म्हणाली, "सर, मला अर्थशास्त्रात पीएचडी करायचीय. पुढच्या वर्षी कुठले विषय घेऊ?"

"गणित घे. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा. अर्थशास्त्र पीएचडीला शिकवतील, गणित शिकवत बसणार नाहीत."

ती मान हलवून गेली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात हजर. रात्रभर झोपली नसावी.

"सर, माझं काही चुकलं का? गणित घे म्हणालात, म्हणजे अर्थशास्त्र मला जमणार नाही असं वाटतं का तुम्हाला?"

*

गणित घ्यायचं तर विभागप्रमुख लिमये मॅडमची सही लागते. मी प्रज्ञाला घेऊन गेलो. आर्ट्सची मुलगी म्हटल्यावर त्यांनी खडू पुढे केला आणि फळ्यावर एक सिद्धता मांडायला सांगितली.

प्रज्ञाने चार ओळी लिहिल्या आणि थांबली. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, मी जमिनीकडे.

"मॅडम, पुढचं येत नाही. पण नेमकं कुठे अडलंय ते सांगते." आणि तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, "एवढं माझ्या थर्ड इयरलाही सांगता येत नाही. आण तो फॉर्म. सही कुठे करू?"

*

तिचे वडील खोपटच्या एसटी डेपोला कंडक्टर. ड्युटी संपवून, खाकीतच मला भेटायला आलेले.

"सर, सोपे विषय सोडून हे घेतलंय. नापास झाली तर?"

काहीतरी धीराचं बोलावं असं फार वाटत होतं. पण म्हटलं, "होऊ शकते."

त्यांनी मांडीवरची टोपी डोक्यावर ठेवली. मग उठले.

"नाही होणार म्हणाला असतात, तर विश्वास बसला नसता. आजच तिचं नाव काढून घेतलं असतं."

*

प्रज्ञा आता पीएचडी करतेय. पण मला विचाराल तर तिचा निकाल एका शुक्रवारीच लागलेला.

पहिल्या टेस्टला तिला वीसपैकी चार मार्क पडले. विषय बदलायला शुक्रवारी पाचपर्यंत मुदत होती. मीच घाबरलो. बदलाचा फॉर्म आणून सही करून तिच्या हातात दिला. "अजून वेळ आहे," म्हटलं. तो वहीत ठेवून ती गेली.

पावणेपाचला ऑफिसात गेलो, तर ती खिडकीसमोरच्या बाकावर. फॉर्म मांडीवर, माझी सही सोडली तर कोरा. क्लार्क शिंदे तिला तिसऱ्यांदा विचारत होते, "अगं, द्यायचाय ना? मी बंद करतोय."

"करा ना काका. तेच बघायला बसलेय."

पाच वाजले. शिंदेंनी खिडकी लावली. प्रज्ञा उठली, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत जिना चढली आणि लिमये मॅडमचं दार वाजवलं.

"मॅडम, टेस्टमधलं पाचवं गणित. दुसऱ्या ओळीत अडलंय."