पैलवानाचं टक्कल

आमच्या घरात टक्कल असलेला मी एकटाच होतो, तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

महिन्यापूर्वी लेकीच्या, म्हणजे तनूच्या हट्टापायी छावणीच्या बाजारातून ससा आणला. एकाच पिंजऱ्यात आठ-दहा ससे कोंबलेले. तिनं त्यातला पांढराशुभ्र निवडला. मी विचारलं, "नर की मादी?"

"अपने को मालूम नै, भाई!" दुकानदार म्हणाला.

मला हसूच आलं. आमच्या सात पिढ्या मेंढरांमागं फिरल्या (मी फक्त बसमागं धावलोय), आणि मला कळणार नाही? ससा दोन पावलं चालला नि मी निकाल दिला, "नर! चालच सांगते!" नाव ठेवलं पैलवान. पैलवानही नावाला जागला. खाऊन खाऊन त्याचं पोट सुटलं.

आणि एका सकाळी तनू किंचाळली, "पप्पाऽऽ! पैलवानाचे केस गेले!"

छातीवर रुपयाएवढं टक्कल! चहा होईस्तोवर कुशीवर दुसरं! तनूनं भोकाड पसरलं, "तो मरणार का?" मी जवळ घेतलं, तर ती रडता रडता माझ्या डोक्याकडं बघू लागली. मग बायकोही बघू लागली.

"रोज मांडीवर घेऊन कोण बसतं त्याला?" मनीषा म्हणाली.

"अगं, टक्कल म्हणजे काय सर्दी आहे लागायला?"

"काल त्याला नव्हतं. तुम्हाला होतं."

माझी रवानगी गॅलरीत झाली. नाश्ताही तिथंच आला.

तिथूनच मी देवगाव रंगारीला वडिलांना स्पीकरवर फोन लावला. "आबा, सशाचे केस चाललेत!"

"नर हाय का मादी?"

"नर! मी स्वतः पारखलाय!"

"मंग लूत आसंल. समदे केस कातरून करंजाचं तेल चोळावं लागंल. निघालोच म्या!"

हे ऐकून तनूचा हंबरडा वाढला. "आबा त्याला पूर्ण टकला करणार! पप्पांसारखा!"

दुपारच्या एसटीनं आबा हजर! खांद्यावर घोंगडी आणि पिशवी, एका हातात मेंढरांची लोकर कातरायची भलीमोठी कातर, दुसऱ्यात तेलाची बाटली. घोंगडी त्यांनी दिवाणाखाली सरकवली आणि जेवायला बसले. जेवण झालं, चहा झाला, तनूच्या विनवण्या झाल्या. शेवटी आबा बाह्या सावरत उठले. "आण त्याला!"

आणायचं कुणाला? पैलवान गायब! फ्रिजमागं बघितलं, वॉशिंग मशीनमध्ये बघितलं, आबांच्या पिशवीतही बघितलं! मी मदतीला आत आलो, तर मायलेकी एकसुरात ओरडल्या, "तुम्ही लांब राहा!" एवढ्यात तनूला तो दिसला. तोंडात केसांचा पुंजका धरून दिवाणाखाली शिरत होता!

आबा वाकले. हात घालून चाचपलं आणि हसत खाली बसकणच मारली.

"लेका, नर कशावरनं वळखलास?"

"चालीवरून."

"पोटाखाली हात घालून बघितलं व्हतं?"

"...नाय."

आबांनी अलगद घोंगडीची घडी उघडली. आत पांढऱ्या केसांची गादी आणि तिच्यावर वळवळणारी सहा पिल्लं! गुलाबी, इवलीशी, आणि सगळी टकली!

"आरं येड्या, बाळंतीण हाय ती! लेकरांना ऊब पायजे म्हून सोत्ताचे केस उपटून हातरलेत तिनं! तू नर म्हनलास म्हून म्या लूत समजलो!"

तनू नाचायला लागली. मनीषाचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही! आबांनी कातर गुपचूप पिशवीत टाकली. घोंगडी मात्र बाळंतिणीला आहेर म्हणून इथंच राहिली.

पंधरा दिवसांत पिल्लांना मऊ लव आली, आईचंही टक्कल भरलं. करंजाचं तेल वाया जाऊ नये म्हणून मी लावतोय. घरात टक्कल असलेला पुन्हा मी एकटाच.

काल तनू मांडीवर येऊन बसली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत मायेनं म्हणाली, "पप्पा, मी झाले तेव्हा तुम्हीपण माझ्यासाठी केस उपटले होते ना?"

"हो गं बाळा," मी म्हणालो, "सगळेच्या सगळे!"

"खोटं सांगू नका पोरीला!" स्वयंपाकघरातून मनीषा ओरडली. "आख्ख्या लग्नात यांनी फेटा का काढला नाही, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं!"