चंद्रावतीची मिश्री

पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात चंद्रावतीची सकाळ चहाने नाही, मिश्रीने उजाडायची. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटाने दातांवर घासत बसायचं. मिठागरावरून आली की पुन्हा, जेवली की पुन्हा. तंबाखू खातेस का असं कोणी विचारलं, तर बाई फणकारायची. तंबाखू पुरुष खातात, पिचकाऱ्या मारत! आपण दात घासतो, तेही घरच्या वस्तूने. पेस्टचा फेस करणाऱ्यांनी आपल्याला शिकवू नये.

म्हणून रोह्याला दिलेली लेक प्रतिक्षा बाळंतपणाला माहेरी आली, आणि पेणच्या दवाखान्यात डॉक्टर आसावरींनी तंबाखूचं विचारलं, तेव्हा मायलेकी एका सुरात "नाय" म्हणाल्या. आपण खोटं बोलतोय असं दोघींच्या मनातही आलं नाही. पोटातल्या बाळाचं वजन भरत नव्हतं. डॉक्टरांनी प्रतिक्षाचं तोंड बघितलं. हिरड्या सुजून लाल झालेल्या, कापूस टेकवला तरी रक्त.

"दात कशाने घासतेस?"

"मिश्रीनं."

"अगं, मग ती तंबाखूच की! भाजली म्हणून काय झालं? रक्तातून ती बाळापर्यंत जाते. आणि हिरड्यांचं दुखणंही तोंडापुरतं राहत नाही. आजपासून बंद. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. मऊ ब्रश घे, नाहीतर बाभळीची कोवळी काडी चावून हलक्या हाताने घास."

घरी आल्या आल्या चंद्रावतीने लेकीला गुळण्यांचं पाणी करून दिलं. स्वतःची डबी मात्र कमरेलाच ठेवली. बाळ काय तिच्या पोटात होतं? तरी लेकीसमोर डबी उघडवेना. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. तांदूळ निवडायला घेतले, अर्धे सांडले. कोंबड्यांवर ओरडली. उठली, बसली, पुन्हा उठली. जित्याची खोड ती! शेवटी घरामागे जाऊन तिने घाईघाईने चिमूटभर घासलीच.

आत आली तर प्रतिक्षा येरझाऱ्या घालत होती.

"आये, तू घासलीस?"

"नाय गो."

"खोटं नको बोलू. वास येतोय." प्रतिक्षाने हात पुढे केला. "मला पन दे. चिमूटभरच. डोकं फुटतंय गो माजं."

चंद्रावतीला लाज वाटली, रागही आला. पण तो काढणार कोणावर? लहानपणी ही पोर दाढ दुखते म्हणून रडत होती, तेव्हा पहिली चिमूट तिच्या हिरडीवर चंद्रावतीनेच चोळली होती. पोर शांत झोपली म्हणून किती खूश झाली होती ती!

तिने डबी मोरीत उपडी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"बस हितं माज्याजवळ," ती लेकीला म्हणाली. "आता माजं पन फुटू दे."